मांजराचं धरून

ग्रिम्सबीच्या इस्पितळात रात्रपाळीला
मी नळ्या लावते. नावं सहसा वाचत नाही.
पण पावणेतीनला यंत्रानं एक ओळ लाल केली:
अल्ब्युमिन, एकोणीस.
लेबलावर: स्टॅनिलंड, क्लिफर्ड.
म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचे,
ज्यांच्या गॅसवरच्या किटलीची शिट्टी
माझ्या ओट्यापर्यंत येते
दिवसातून नऊदा.

नियम असा की मला हे माहीत नाही.

आकडा तसा शिळाच.
अल्ब्युमिन रक्तात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं,
आटायला लागलं त्या दिवशी कुणी दवंडी पिटत नाही.
यकृत मात्र पहिल्याच दिवशी हात आखडतं.
डाळ नाही, मासा नाही, अंडं नाही,
नुसता टोस्ट, वर मार्मालेड,
चहात तीन चमचे साखर:
पोट भरतं, ऐवज येत नाही.
मग नमुन्याच्या एकेका पट्टीवर
ओळीनं बसलेले विणकर
एकेक करून उठतात.
पट्टी तशीच लोंबत राहते.
नमुना पाठ आहे हो,
सूतच नाही.

थोडे दिवस ते दंडाकडून, मांडीकडून उसनं आणतं,
मग स्वतःच्याच भिंती उकरतं.
(आजारपणानंही हा आकडा घसरतो.
डॉक्टर आधी तेच तपासतील. तपासू देत.)

आमच्याकडं काळीज म्हणजे जिथं तुटतं ते.
पण आई रविवारी मटणवाल्याला सांगायची,
काळीज वेगळं बांध, पावशेर,
आणि तो यकृतच बांधायचा.
शब्द एकच.
परीक्षेत मला त्यातल्या एकाचंच काम विचारलं.

शनिवारी कुंपणाशी भेटले.
सपाता मागून कात्रीनं कापलेल्या.
"या वयात पाय वाढतायत," म्हणाले,
"मॉरीन असती तर हसून मेली असती."
मोजा खाली सरकवला मी, अंगठा दाबला.
खळी पडली.
ती भरून यायला मनात बत्तीसपर्यंत मोजलं.
रक्तातलं पाणी धरून ठेवणारं कुणी उरलं नाही
की ते उताराला लागतं,
पाण्यासारखंच.

हा माणूस चाळीस वर्षं गोदीवर
कॉडचे खोके उतरवत होता!
बोटं अजून बर्फातून काढल्यासारखी.

दुपारी बाराला कौन्सिलचा डबा येतो:
मासा, वाटाणे, बटाट्याचा लगदा.
लगदा ते खातात.
मासा मांजराला.
मांजर मॉरीनचं.
"उपाशी ठेवलं तर तिला काय तोंड दाखवू?"
मांजराचं यकृत उत्तम असणार,
केस बघा कसे तकतकीत.

मी नळीबद्दल अवाक्षर काढलं नाही.
घरात गेले, दोन अंडी उकडली,
मीठमिरी भुरभुरवली, कुंपणावरून दिली:
जास्तीची झाली, टाकवत नाहीत.
ही थाप आमच्या गल्लीतली,
उत्तर समुद्राकाठीही चालते.

एक त्यांनी उभ्याउभ्या खाल्लं,
जरा घाईनंच.
दुसरं रुमालात गुंडाळून खिशात.
कुणासाठी, विचारलं.
दार लागलं. आतून म्याव.

एक अंडं. सहा ग्रॅम.
आज रात्री कुठल्याशा पट्टीवर
दोन-चार विणकर परत येऊन बसतील,
स्टूल ओढल्याचा आवाजसुद्धा होणार नाही.
रक्ताला कळेल पुढच्या महिन्यात कधीतरी.
मला कळेल,
नळी माझ्याच पाळीला आली तर.

पलीकडे किटली वाजतेय.

उद्या तीन उकडायची.
मांजराचं धरून.